रोज तासभर

"हे औषध तुमच्याकडंच मिळतं, सर," म्हणत आईनं आरोग्य केंद्रातली चिठ्ठी खो-खोच्या सरांपुढे धरली. मैथिलीच्या वाढत्या वजनावर डॉक्टरीणबाईंनी एकच ओळ लिहिली होती: रोज तासभर मैदानी खेळ.

सर हसले. "ताई, पाण्याच्या बाटल्या सांभाळते की ती. खेळायला घेतली तर मुली हरतील."

मैथिलीनं बाटल्या छातीशी घट्ट धरल्या.

"हरू द्या की," म्हणत आईनं चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि ती मैदानात बसलेल्या मुलींच्या रांगेत जाऊन बसली. "मी हिच्याहून जाड आहे. काय हसायचं ते मला हसा."

मुली खिदळल्याच. पण बाटल्या खाली ठेवून मैथिली रांगेमागून पळत आली. धापा टाकतच तिनं आईच्या पाठीवर थाप मारली.

"खो. ऊठ आई, पळ."