तेवीस मिलिसेकंद

पाचवा लॅपटॉपही मागे पडला. तिने तो फटकन मिटला आणि काउंटरवरून पलीकडे सरकवला.

"हाही नको. पुढचा दाखवा."

काउंटरमागे दुकानदाराचे वडील होते. ते गणिताचे निवृत्त मास्तर. दुपारी मुलगा जेवायला गेला की दुकान सांभाळायचे आणि येईल त्याला 'बाळ' म्हणायचे.

"बाळ, जरा बसून घे," ते म्हणाले.

ती बसली आणि लगेच उठली. सकाळपासून हे तिसरं दुकान. संगीताचे प्रोग्राम लिहिणं हा तिचा धंदा, आणि परवा तिच्या सात वर्षांच्या लॅपटॉपने चहा उकळेपर्यंत मान टाकली होती. शनिवारी बँडचा कार्यक्रम. मशीन नसेल तर स्टेजवर जाऊन काय टाळ्या वाजवायच्या?

तिची परीक्षा एकच होती. पेनड्राइव्हवरून स्वतःचा प्रोग्राम चढवायचा, पिशवीतली माइकची डबी जोडायची. मशीन एक टिक वाजवणार, माइक ती ऐकणार, आणि प्रोग्राम दोन्हींच्या रेघा पडद्यावर काढणार. रेघा एकावर एक आल्या तर मशीन पास. पण ऐकलेली रेघ दरवेळी मागे. तेवीस मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तिला तेवढाही चालत नव्हता. उशीर तिला कुणाचाच चालत नसे.

ताईचाही चालला नव्हता. ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण आणि बँडची ड्रमर. लहानपणी ताई तिला पाठीवर चार-चारच्या ठेक्यात थोपटून झोपवायची. ठेका म्हणजे काय ते तिला तिथेच कळलं होतं. पुढे बारा वर्षं दोघींनी एकत्र वाजवलं. मग गेल्या वर्षी तिने याच डबीतून ऐकून ठोके मोजणारा हा प्रोग्राम लिहिला आणि त्यात ताई मागे दिसायला लागली. प्रत्येक गाण्यात. कानाला सगळं ठीक वाटायचं, पण रेघ खोटं कशाला बोलेल? एका तालमीनंतर तिने ताईला पडद्यासमोर बसवलं, रेघा दाखवल्या आणि बाकीच्यांदेखत म्हणाली, "वय झालं तुझं. हात ऐकत नाहीत आता."

ताई भांडली नाही. तिने रेघांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. स्टिक्स पिशवीत टाकल्या आणि घरी गेली. त्याला आता आठ महिने झाले होते. एक फोन नाही. मध्ये भावोजी भेटले. म्हणाले, ड्रमवर चादर पडलीय, आणि ही दिवसातून दोनदा कोमट पाण्यात हात बुडवून बसते. नाटकं, तिने मनात म्हटलं. रुसायचं तर सरळ रुसावं माणसाने. ताईच्या जागी दोन ड्रमर येऊन गेले. तेही मागेच निघाले. हल्ली कुणाला काही धड येतच नाही, असं ती भेटेल त्याला सांगत होती.

सहावा लॅपटॉप चालू झाला. तिचा पाय काउंटरखाली सारखा हलत होता. टिक. तेवीस.

"गिऱ्हाईक म्हणजे गाढव वाटतं का यांना?" ती उखडली. "एकही वेळेवर नाही!"

मास्तर चष्मा वर सरकवून पडद्यात डोकावले. "सहाही तेवीसनेच मागे?"

"हो ना!"

"थोडं इकडे-तिकडे नाही?"

"नाही. का?"

"अख्ख्या वर्गाचं एकच गणित चुकलं आणि चुकलेलं उत्तरही सगळ्यांचं एकच आलं, तर मी पोरांना रागवत नसे, बाळ. मीच फळ्यावर काय लिहून ठेवलंय ते आधी बघायचो."

ती काहीतरी टाकून बोलणार होती. पण पाय थांबला. तिने प्रोग्राम उघडला आणि ओळीमागून ओळ खाली जाऊ लागली. माइकचा आवाज डबीतून आत यायला जो वेळ लागतो, तो वजा करायची ओळ सापडली. तिथे आकडा होता शून्य. शेजारी तिनेच स्वतःसाठी लिहिलेली टीप होती: नंतर बघू.

तिने शून्य काढून तेवीस घातले. टिक. रेघेवर रेघ बसली. पाचवा लॅपटॉप पुन्हा उघडला. बसली. चौथा. बसली.

"घ्या, सगळे पास!" मास्तर खूश झाले. "आता यातला कुठला बांधू?"

तिचं लक्ष नव्हतं. त्या शेवटच्या तालमीची फाइल पेनड्राइव्हवरच होती. तिने ती दुरुस्त केलेल्या प्रोग्राममध्ये टाकली. ताईचा ठोका जागच्या जागी होता. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, एकही इकडचा तिकडे नाही. स्वतःची इतकी लाज तिला कधीच वाटली नव्हती.

तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. ताईने पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, तू मागे नव्हतीस. कधीच नव्हतीस. माझा प्रोग्राम चुकला होता. मी चुकले गं."

ताईने शिव्या घालाव्यात, फोन आपटावा, काहीही करावं, असं तिला वाटत होतं. तिकडून फक्त भांड्यातलं पाणी हलल्याचा आवाज आला.

"म्हणजे," ताईने हळूच विचारलं, "माझे हात बरे आहेत?"