खांबेट्यांचा मेमो

खांबेट्यांच्या शोकसभेत मुख्य अभियंता बाराव्या मिनिटालाही स्वतःच्याच परदेश दौऱ्याबद्दल बोलत होते. मग हार घातलेल्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं आणि आवाज एकदम भरून आला. "असा निष्ठावंत ड्राफ्ट्समन पुन्हा होणे नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. याच साहेबांनी एका चुकलेल्या नकाशापायी खांबेट्यांची बढती सहा वर्षं अडवली होती, हे कोणी बोललं नाही.

मागच्या रांगेत कुंदा मोहिते बसल्या होत्या. तो पुलाचा नकाशा त्यांनीच काढला होता. नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते आणि मापं उलटी पडली होती. खांबेट्यांनी नकाशाखाली मुकाट्याने आपली सही ठोकली आणि मेमो स्वतःच्या नावावर घेतला. "तुझी नोकरी कच्ची आहे, माझी मुरलेली," एवढंच म्हणून ते कुंदाबाईंना मापं तपासायला शिकवत बसले.

"मोहितेबाई, दोन शब्द बोला," असा पुकारा झाला. पुढच्याच महिन्यात कुंदाबाईंची बढती ठरायची होती. तरी त्या माइकपुढे गेल्या.

"तो नकाशा माझा होता. मेमो मला मिळायला हवा होता."

साहेबांनी घसा खाकरला. "बाई, भावना समजू शकतो. पण असं तोंडी चालत नाही. रीतसर लेखी द्या."

पहिल्या रांगेतल्या खांबेटेवहिनी खुदकन हसल्या. पर्समधलं पेन काढून त्यांनी पुढे केलं.

"लिही गं. तीन प्रतींत लिही. एक मला हवी."