छापील सर्टिफिकेट

सौंदर्याने अकराव्यांदा प्रिंट दिली. पडद्यावर पुन्हा तेच, ‘पाठवलं’. तिने स्टोअरला फोन लावला.

“पिराजीमामा, आलं का?”

“न्हाय ताई.”

“प्रिंटर चालू हाय न्हवं?”

“व्हय की. हिरवा दिवा लागलाय.”

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स, स्टोअरमधल्यावर विंडोज, आणि प्रिंटर स्टोअरमध्ये. इथून दिलेली प्रिंट थेट तिथे निघावी म्हणून दोन्ही कॉम्प्युटर तिनेच एकमेकांना जोडले होते. ‘फ्लॉपी घेऊन पळापळ आता बंद,’ असं तिनेच वडिलांना छातीठोकपणे सांगितलं होतं. वडील रुद्राप्पा, सगळ्यांचे अप्पा, कागल एमआयडीसीतल्या या छोट्या फाउंड्रीचे मालक.

दारात खरेदीदाराचा माणूस उभा होता, बाहेर त्याचा रिकामा ट्रक. मालाच्या चाचणीचं छापील सर्टिफिकेट, त्यावर मालकांची सही, त्याशिवाय एक नगही चढवायचा नाही असा त्याला हुकूम. वर्षभराची ऑर्डर या पहिल्या खेपेवर अडली होती.

“हातानं लिहून दिलं तर?”

“नाही चालणार, मॅडम. चारला निघतो मी.”

साडेतीनला पिराजीचाच फोन आला. “फ्लॉपी न्यायला येऊ का, ताई?”

“नको. होतंय. पाच मिनिटं.”

होत काहीच नव्हतं. तिने पासवर्ड बदलून पाहिला, प्रिंटरचं नाव नव्याने घातलं, आणखी दोनदा प्रिंट दिली. तिकडे अप्पा भट्टीवर निर्धास्त होते. पोरीवर त्यांचा भरवसा होता, आणि नेमका तोच आज तिला सोसवत नव्हता.

चारला ट्रक रिकामाच फाटकाबाहेर गेला. तेव्हा कुठे ती उठून स्टोअरमध्ये गेली.

प्रिंटरवर हळदीकुंकू होतं, झेंडूची सुकलेली माळ होती. खंडेनवमीच्या पूजेला सगळी यंत्रं हॉलमध्ये एका ओळीत मांडली होती. दसरा झाल्यावर पिराजीने ती जागच्या जागी आणून ठेवली, विजेची बटणं चालू केली. कॉम्प्युटरला जोडायची वायर तेवढी मागे लोंबत होती. दिवा लागलाय का, एवढंच ती दुपारभर विचारत बसली होती.

तिने वायर खोचली. प्रिंटर घरघरला आणि सर्टिफिकेटं बाहेर पडू लागली, एकामागून एक, तेराच्या तेरा.

भट्टीवरून अप्पा घामाघूम होऊन आले. ट्रक गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एक कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

“झ्याक आलंय की गं,” ते म्हणाले, आणि खिशातलं पेन काढलं. “सही कुटं करू?”