जवळ्याचा पंचनामा

जानेवारीच्या भर दुपारी पाऊस कोसळला, तेव्हा नर्मदा तांडेल मासळी सुकवायच्या खळ्यात एकटीच होती. तीन दिवस उन्हात पसरलेला जवळा तिने हाती लागेल तसा टोपल्यांत भरला, पण बराचसा चिखलात गेला. या हिवाळ्यातली ही तिसरी वेळ.

दोन दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आले. शेजारच्या खानविलकरांच्या बागेतला मोहोर गळला होता, ती कलमं त्यांनी मोजून घेतली. नर्मदाने वाट अडवून त्यांना खळ्यात नेलं.

"भाऊसाहेब, हेपण लिवा."

"ताई, हे पीक नाही. होडी फुटली असती, जाळं फाटलं असतं, तर लिहिलं असतं."

"म्हंजे माझं कायच गेलं नाय?"

तलाठ्यांनी नाकाला रुमाल लावला. "कागदावर तरी नाही."

संध्याकाळी खानविलकर कुंपणाशी आले. कुजका जवळा कलमांना खत म्हणून चालेल, देणार का, असं त्यांनी चाचरत विचारलं. नर्मदाचा संताप संताप झाला. मग तिने फावडं उचलून त्यांच्या हातात दिलं.

"न्या. पन तुमी सोता भरायचा. एका मानसाला तरी कलू दे, किती गेला तो."

खानविलकर पोत्यांत भरू लागले. नर्मदा पायरीवर बसून बघत राहिली. नववं पोतं बांधल्यावर त्यांनी फावडं टेकवलं, अजून उरलेल्या ढिगाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"एवढा होता?"

पावसानंतर पहिल्यांदाच नर्मदाला रडू फुटलं.