नाक पुढे

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाचं उडणं कायमचं बंद केलं आणि त्याचं दोन माणसांचं विमान परगावच्या एका हौशी माणसाने विकत घेतलं. न्यायचं रस्त्याने ठरलं म्हटल्यावर गल्लीत जो तो इंजिनिअर झाला. खरं काम मात्र वेल्डर असलेल्या धाकट्या भावाच्या गळ्यात पडलं. त्याने बोटीचा जुना ट्रेलर लांबवला, पंख काढून रजयांत गुंडाळले आणि इंजिनाचा भार मागच्या चाकांवर यावा म्हणून विमान शेपूट पुढे करून चढवलं.

"फिरव. नाक पुढे पाहिजे," दादा म्हणाला.

"अरे दादा, मग ट्रेलरची चाकंच कापून पुढे जोडावी लागतील! त्याला कुठे रस्ता बघायचाय?"

"जोड."

धाकट्याने पुटपुटत पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. निघताना दादा जीपमध्ये त्याच्या शेजारी बसलाच नाही. तो चाचपडत मागे विमानात चढला आणि त्याने पट्टा आवळला. धाकट्याने जीप सुरू केली.

विमान घेणाऱ्या माणसाचं फाटक समोर आलं, तेव्हा मागून दादाचा फोन आला.



"हळू घे रे. उतरतोय."