चोरीचा माल

नोरीन स्टॅबलरने धुण्याच्या कपड्यांची बास्केट शेरीफच्या टेबलावर आदळली.

"काय गं, घरचं मशीन बिघडलं की काय?" शेरीफ डेल ओकर्सन हसला. दोघं एकाच शाळेत शिकलेले. गावच एवढंसं, की सगळे एकाच शाळेत शिकलेले.

नोरीनने वरचे टॉवेल बाजूला केले. खाली काळी रायफल होती. डेलचं हसू मावळलं.

"कोल्बीची आहे," ती म्हणाली. "तो अंघोळीला गेला तेव्हा उचलली. आता ही ठेवून घे."

कोल्बी तिचा मुलगा. बावीस वर्षांचा. धान्याच्या कोठारातली नोकरी सुटल्यापासून तळघरात बसून असायचा. शेवटच्या पगारातून त्याने ही रायफल घेतली होती. मासे धरायचा परवाना काढायला त्याला याहून जास्त वेळ लागला होता. दुपारभर तो मागच्या कुरणात बाटल्यांवर नेम धरायचा. त्या शाळेने माझं वाटोळं केलं, असं स्वतःशीच पुटपुटायचा.

नोरीन त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आईच्या कामाची त्याने जन्मात कधी चौकशी केली नव्हती. आणि मागच्या आठवड्यात, न्याहारीची बशी पुढे ओढता ओढता त्याने विचारलं, "आई, तुमच्याकडची पोरं जेवायला कधी बसतात गं? सगळी एकदमच बसतात का?"

तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. त्याच दिवशी तडक ती डेलकडे आली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कोणाला धमकी दिलीये त्याने?"

"तशी नाही."

"कोणावर हात उचललाय?"

"नाही."

"मग मी काय करू, नोरीन? प्रश्न विचारणं गुन्हा नाही. बंदूक बाळगणं गुन्हा नाही. आधीच जाऊन ती काढून घ्यावी, असा कायदा आपल्या मिसुरी राज्यात नाही. त्याने काही केलं, तर बघ, पाच मिनिटांत तिथे असेन."

"तेव्हा एकटा येऊ नकोस मग," ती म्हणाली होती. "येताना शववाहिन्या घेऊन ये."

म्हणून आज तिने स्वतःच ती रायफल आणली होती. डेलने तिला हात लावला नाही. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कोल्बी होता. आवाज इतका चढलेला, की नोरीनला पलीकडून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"माझी रायफल चोरीला गेलीये. आईनेच नेलीये. तक्रार लिहून घ्या!"

"अरे बाबा, आई आहे ती तुझी. घरातल्या घरात..."

"मला माझे हक्क माहीत आहेत. लिहून घेताय, की वकील आणू?"

डेलने फोन ठेवला. बाजूला केलेले टॉवेल त्याने पुन्हा बास्केटवर ओढले.

"नोरीन, बंदुकीची चोरी म्हणजे साधी चोरी नव्हे गं. तुरुंग होतो. त्याच्याशी बोल, समजूत काढ. ही त्याला परत देऊन टाकू, मी प्रकरण इथेच मिटवतो."

"परत देशील? त्याला?"

"त्याची आहे. दुसरं काय करणार? पुरावा असती तर कुलपात ठेवली असती."

नोरीनने बास्केट त्याच्याकडे सरकवली. मग तिने दोन्ही हात पुढे केले.

"लिही तक्रार."

ज्या कायद्याला आठवडाभर तळघराच्या चार पायऱ्या उतरता आल्या नाहीत, तो तासाभरात तिच्या मनगटांपर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी तिला सोडलं, पण घरी जायला मनाई केली. फिर्यादी तिथे राहतो म्हणून. ती बहिणीकडे गेली. हॉटेलात कॉफी पिता पिता लोक म्हणाले, "पोटच्या पोराला लुटलं बाईने. आज आईने घेतली, उद्या सरकार येईल आपल्या बंदुका घेऊन जायला." शाळेने तिला कळवलं, कामावर येऊ नका, बंदुकीच्या गुन्ह्यातल्या माणसाला आम्ही मुलांच्या आसपास येऊ देत नाही. ते वाचून ती आधी हसली. मग बहिणीच्या न्हाणीघरात नळ सोडून मनसोक्त रडली.

कोल्बी मोकळाच होता. बंदुकांच्या दुकानांतून फिरत होता. खिसा रिकामा, आणि उधारीवर बंदूक कोणी देत नव्हतं. एवढाच काय तो अडसर.

कोर्टात तिला बचावासाठी सरकारतर्फे वकील मिळाली. मरीसोल क्विंटेरो, तरुण, हुशार मुलगी. ती लगबगीने आली.

"चांगली बातमी आहे, मिसेस स्टॅबलर! सरकारी वकील तडजोडीला तयार झालेत. गुन्हा कबूल करा, किरकोळ कलम लावतील. तुरुंग नाही. आजच्या आज प्रकरण बंद."

"आणि नाही कबूल केला तर?"

"तर खटला उभा राहील. वर्ष जाईल, जास्तही जाईल. तोवर नोकरी नाही. आणि शेवटी आपण हरणार. तुम्ही ती बंदूक स्वतः शेरीफच्या टेबलावर नेऊन ठेवलीत हो! यावर मी बचाव काय करू?"

न्यायाधीशांनी नाव पुकारलं. नोरीन उभी राहिली.

"गुन्हा कबूल आहे?"

"नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. मरीसोलने तिची बाही ओढली. "अहो, काय करताय हे? आज सगळं संपलं असतं!"

"म्हणूनच," नोरीन हळूच म्हणाली. "मी आरोपी आहे, तोवरच ती रायफल कुलपात आहे."