नातवाची गादी

लेक पूनम बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा बाळासाठी घरच्या कापसाची गादी करायची असं जयवंताबाईंनी ठरवलं होतं. पण त्यांच्या नवऱ्यानं, चंपतरावांनी, सगळा कापूस गाडीत भरून मिलला विकायला नेला आणि येताना आदिलाबादहून तयार गादी आणली. स्वस्त, गुबगुबीत, वर ससे छापलेली.

बाळानं ती ओली करताच घरभर कुबट घाण सुटली. जयवंताबाईंनी शिवण उसवली, तर आतून मळक्या चिंध्या, केसांचे पुंजके आणि दवाखान्यातल्या रक्ताळलेल्या पट्ट्या निघाल्या.

"लेकराच्या अंगाखाली हे भरतेत? थू!" चंपतराव कडाडले.

"गाडीत खाली सडका कापूस लोटून वर पांढरा पसरला," जयवंताबाई हात धूत म्हणाल्या, "तवा तुमीच म्हनत होते ना, येवढ्या मालात कोन पाह्यते?"